सगळ्यात कमी, हे कशावरून?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. समोर गणितात एम.एस्सी. करणारी मुलं बसलेली पाहून जरा दडपण येतं. पण आजचा प्रश्न आमच्याही घरातला आहे.

एखाद्या बहुपदीची किमान किंमत हवी आहे. तुम्ही संगणकावर पन्नास ठिकाणांहून उतार धरून खाली येता, दर वेळी तळ तोच लागतो, आणि प्रबंधात लिहून टाकता की हीच किमान किंमत. चार्वाक नैयायिकांना हेच विचारत असे: जिथे धूर तिथे अग्नी म्हणता, सगळीकडे जाऊन पाहिलंत का? पन्नास जागा पाहिल्या म्हणजे सगळ्या पाहिल्या असं होत नाही. खामगावात चांदीचा बाजार मोठा; माल चकाकणं वेगळं आणि त्यावर शुद्धतेचा छाप असणं वेगळं, हे इथे कुणाला सांगायला नको. आपल्याला तो छाप हवा आहे.

साधं उदाहरण घेऊ. क्ष⁴ − ४क्ष. क्ष = १ घातलं की किंमत −३ येते. याहून खाली जात नाही कशावरून? हे पाहा:

क्ष⁴ − ४क्ष + ३ = (क्ष² − १)² + २(क्ष − १)²

उजवीकडे नुसते वर्ग आहेत. वर्ग कधी ऋण होत नाही. झालं! एकही जागा न तपासता सगळ्या जागांबद्दल बोलता आलं, आणि कुणीही कागदावर गुणाकार करून पडताळून पाहावं.

पण हे वर्ग सुचले कसे? सुचावे लागत नाहीत, हीच तर गंमत. १, क्ष, क्ष² या तिघांचे आपसांत गुणाकार मांडा. क्ष² दोन वाटांनी येतो: क्ष गुणिले क्ष, आणि १ गुणिले क्ष². म्हणून एक संख्या आपल्या हातात मोकळी राहते, तिला त म्हणू. ३ च्या जागी ब ठेवू. मॅट्रिक्सच्या ओळी अशा:

ब, −२, −त
−२, २त, ०
−त, ०, १

या मॅट्रिक्सचं एकही आयगेन मूल्य ऋण नसेल तरच वर्गांची बेरीज मिळते. हिशेब केलात तर अट निघते: त धन हवा, आणि ब निदान २/त + त² इतका हवा. त = २ घेतलं तर ब = ५, अर्धा घेतलं तर ४.२५, आणि १ घेतलं तर ३. त्याखाली ब उतरत नाही. अटी रेषीय, शिवाय मॅट्रिक्स ऋण होऊ द्यायचं नाही, आणि ब लहानात लहान करायचा. यालाच सेमीडेफिनिट प्रोग्रामिंग म्हणतात.

हे मोठ्या प्रमाणावर सोडवता येतं, यात एका मराठी माणसाचा हात आहे. डान्झिगची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत बहुफलकाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना आतून जाणारी वाट दाखवली. (तिच्यावर पेटंट घेतलं गेलं आणि वादही झाला, ते पुन्हा कधीतरी.) आपल्या मॅट्रिक्सचा प्रदेश वक्र असतो, तिथे मोजके कोपरे नसतातच, त्यामुळे आतली वाटच उपयोगी. नेस्तेरोव्ह आणि नेमिरोव्स्की यांनी ती इथवर आणली. पुढे २००० च्या सुमारास पारिलो आणि लासेर यांनी बहुपदींशी तिची नीट सांगड घातली.

आता अडचण. ऋण न होणारी प्रत्येक बहुपदी वर्गांची बेरीज असतेच का? नाही. हिल्बर्टने हे १८८८ मध्येच सिद्ध केलं, पण हातात धरता येईल असं उदाहरण १९६७ साली मॉट्झकिनने दिलं:

क्ष⁴य² + क्ष²य⁴ − ३क्ष²य² + १

अंकगणिती आणि भूमितीय मध्याची असमानता लावा, ही ऋण होत नाही हे दिसेल. पण वर्गांत ती मांडता येत नाही. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण आपण मागतो त्या साच्यातला पुरावा तिच्याकडे नाही. मला ही बहुपदी फार आवडते. मात्र तिला (क्ष² + य²)² ने गुणलं की वर्ग मिळतात! खरं तर दर वेळी असा काही गुणक असतोच, हे आर्टिनच्या १९२७ च्या प्रमेयातून निघतं.

गुणक जोडला की घात वाढतो, आणि मॅट्रिक्स फुगतं. दहा चलांच्या चौथ्या घाताच्या बहुपदीला ६६ ओळी लागतात; आठव्या घाताला १००१. घरी जाऊन हे दोन्ही आकडे कसे आले ते काढून पाहा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.