झोंबीपट आणि आईबापांचें काळीज

सायंकाळीं पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल आकुर्डी सोडून देहूरोड स्थानकांत शिरूं लागली म्हणजे दारापाशीं जी रेटारेटी होते, ती त्या मार्गानें नित्य जाणाऱ्यांस ठाऊक आहेच. छावणींत राहणारे कामकरी, देहूस निघालेले यात्रेकरू, दप्तरें सांभाळणारे विद्यार्थी, सर्वांनाच एकदम उतरावयाचें असतें. अशा गर्दींत एखाद्या आईच्या कडेवर मूल असलें, तर तिचा मोकळा हात आपोआप त्या मुलाभोंवतीं कुंपणासारखा उभा राहतो. त्या हातास हें कोणी शिकविलेलें नसतें.

आतां अशी कल्पना करावी कीं, त्याच गाडींत एक भयंकर रोग शिरला आहे. ज्याला तो जडतो तो मरतो, आणि मेल्यावर उठून शेजाऱ्यास चावूं लागतो. मुलाभोंवतीं धरलेल्या त्या हाताचें मग काय होईल? हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु त्यावरच दक्षिण कोरियांत २०१६ सालीं 'ट्रेन टू बुसान' हा बोलपट निघाला आणि देशोदेशीं पाहिला गेला. झोंबीपट म्हणजे निव्वळ रक्तपात अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि बऱ्याच चित्रपटांच्या बाबतींत ती खरीही आहे. तथापि त्यांतील जे चांगले आहेत ते आईबापांच्या मनाविषयीं कांहीं सांगतात. तें काय, हें पाहण्याजोगें आहे.

'झोंबी' हा शब्द मराठीस नवा नाहीं. आपल्याकडे झोंबी म्हणजे झटापट. आनंद यादव यांनीं शिक्षणासाठीं केलेल्या धडपडीची कहाणी १९८७ सालीं याच नांवानें प्रसिद्ध केली. चित्रपटांतला झोंबी मात्र दुसऱ्या मुलुखांतून आला. हैतींत फ्रेंच मळेवाल्यांनीं आफ्रिकेंतून गुलाम आणून उसाच्या मळ्यांत राबविले. त्यांच्या वंशजांत अशी समजूत रूढ झाली कीं, मांत्रिक मेलेल्या माणसास उठवून त्याजकडून काम करून घेतो, आणि त्या माणसास स्वतःची इच्छा म्हणून उरत नाहीं. जन्मभर दुसऱ्यासाठीं राबलेल्यांना मरणानंतरही सुटका नसावी, याहून भयंकर कल्पना ती कोणती? १९३२ सालीं अमेरिकेंत या समजुतीवर 'व्हाइट झोंबी' हा बोलपट निघाला. पुढें १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो यांनीं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटांत मांत्रिकास रजा दिली आणि मांसभक्षक मृतांच्या झुंडी पडद्यावर आणल्या. आज जें रूप रूढ आहे तें तेथून सुरू झालें.

आपल्याकडील भुतांहून हा प्राणी अगदीं निराळा आहे. मुंजा असो, हडळ असो कीं वेताळ असो, त्याला कांहीं तरी हवें असतें. त्याची इच्छा अपुरी राहिलेली असते; त्याला नारळ द्यावा, नैवेद्य दाखवावा, त्याच्याशीं बोलावें, अशी सोय असते. झोंबीशीं बोलणें शक्य नाहीं. शिवाय तो परका नसतो. काल ज्याच्याशीं ओट्यावर गप्पा झाल्या, तोच आज दारावर धडका देत असतो. देह चालतो आहे, पण ओळख पुसली गेली आहे. आईबापांच्या दृष्टीनें खरी भीति येथेंच आहे. वाघापासून मुलास वांचवितां येईल. पण दंश आपल्यालाच झाला, तर आपल्यापासून त्याला कोण वांचविणार?

रोमेरो यांच्या चित्रपटांत ही भीति उलट्या बाजूनें येते. एक जोडपें आपल्या दंश झालेल्या मुलीस घेऊन तळघरांत लपलें आहे. मुलगी मरते, उठते आणि आईचा जीव घेते. आईचा हात तिच्यावर उठत नाहीं. हें पाहतांना पुणेकरांस १८९७ च्या प्लेगाची आठवण व्हावी. त्या वेळीं घरझडतीच्या व छावणींत नेण्याच्या धास्तीनें लोक आपलीं आजारी माणसें घरांत दडवून ठेवीत. त्यामागें माया होती, आणि त्यांतच घरांतील इतरांस धोका होता.

'ट्रेन टू बुसान' चे दिग्दर्शक येओन सांग-हो यांनीं बापाची गोष्ट सांगितली आहे. सोक-वू हा पैशांच्या उलाढालींत गढलेला गृहस्थ. पत्नीपासून विभक्त झालेला. सू-आन या लहान मुलीला तिच्या वाढदिवशीं आईकडे पोंचविण्यासाठीं तो सोलहून बुसानच्या आगगाडींत बसतो. गाडींत मुलगी एका वृद्धेला आपली जागा देते, तर बाप म्हणतो कीं, अशा वेळीं प्रत्येकानें आपल्यापुरतें पाहावें. ज्या कंपनींतून हा रोग बाहेर पडला, तिला सावरण्यांत त्याच्याच पेढीचा हात होता, हें त्याला पुढें कळतें. डब्यामागून डबे ओलांडतांना तो हळूहळू इतरांसाठींही दार धरून उभा राहूं लागतो. मुलीला वांचवितां वांचवितां तो तिच्याकडूनच शिकत जातो.

शेवटीं त्याला चावा बसतो. हाताशीं फार थोडा वेळ असतो. मुलीला आणि एका गरोदर स्त्रीला तो इंजिनांत सुरक्षित बसवितो, गाडी कशी थांबवावी तें दाखवितो, आणि आक्रोश करणाऱ्या मुलीचे हात सोडवून मागच्या टोकाला जातो. तेथें त्याला ती जन्मली त्या दिवसाची आठवण होते. ती आठवण पुसली जाण्यापूर्वींच तो गाडीवरून स्वतःस खालीं टाकतो.

ऑस्ट्रेलियांतील बेन हाऊलिंग व योलांडा रॅम्की यांनीं २०१३ सालीं केलेला 'कार्गो' हा सुमारें ७ मिनिटांचा लघुपट याहूनही चटका लावणारा आहे. चावा बसलेला बाप तान्ह्या मुलीला पाठीशीं बांधतो, स्वतःचे हात बांधून घेतो, आणि काठीला मांस अडकवून तें आपल्या तोंडापुढें लोंबत राहील अशी योजना करतो. हेतु हा कीं, आपण झोंबी झाल्यावरही त्या मांसाच्या लोभानें पाय पुढें चालत राहावे व मुलगी माणसांत पोंचावी. आपण उद्यां कसे वागूं याचा भरंवसा नाहीं, म्हणून त्यानें आजच आपली भूक मुलीच्या कामास जुंपली.

महाराष्ट्रांत आईच्या मायेची गोष्ट निघाली म्हणजे हिरकणी आठवते. सूर्यास्तास रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल एकटें, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली, असें परंपरा सांगते; तिच्यावर २०१९ सालीं मराठी चित्रपटही निघाला. प्लेगाच्या वर्षीं सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत आणलें, असें चरित्रकार सांगतात. त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. या दोघी मुलाकडे धांवल्या. झोंबीपटांतील बाप मुलापासून दूर जातो. दिशा उलट दिसतात, परंतु माया एकच आहे. एकीला अंतर तोडावें लागलें, दुसऱ्याला तें राखावें लागलें.

हें केवळ पडद्यावरचें नव्हे. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले, आणि पुढील दोन वर्षांत असंख्य घरांत आई एका खोलींत व मूल दाराबाहेर अशी रात्र गेली. इस्पितळांतून परतलेल्या परिचारिकेनें धांवत आलेल्या मुलाला दुरूनच थांबविलें. तिला काय वाटलें असेल, तें सांगावयास झोंबीची गरज नाहीं. पण तें पडद्यावर दिसावें म्हणून झोंबी उपयोगी पडतो. मराठींतही २६ जानेवारी २०२२ रोजीं आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' प्रदर्शित झाला. त्याचा सूर विनोदी. तरी डोंबिवलींत राहावयास आलेल्या इंजिनियराची पत्नी गरोदर आहे, ही गोष्ट कथेच्या मध्यभागीं आहेच.

कोणी म्हणेल कीं, असले बीभत्स देखावे मुलांना दाखवावे काय? लहानांस मुळींच दाखवूं नयेत. जाणत्या मुलांबरोबर मात्र आईबापांनीं स्वतः बसून पाहावे, आणि नंतर एक प्रश्न विचारावा. 'ट्रेन टू बुसान' च्या अखेरीस ती मुलगी आणि ती गरोदर स्त्री अंधाऱ्या बोगद्यांतून चालत येतात. पलीकडील सैनिकांस त्या झोंबी वाटतात. बंदुका रोखल्या जातात. इतक्यांत मुलगी रडत रडत गाणें म्हणूं लागते. शाळेंत बाप ऐकावयास आला नाहीं म्हणून अर्धवट राहिलेलें तें गाणें. बंदुका खालीं येतात. त्या खालीं कां आल्या, एवढेंच मुलांस विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.