विश्लेषण : एक कोटीचं बक्षीस, पण विजेता कोणीच नाही! उडत्या यंत्रांच्या स्पर्धेत निकाल ठरतो कसा?

धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर एरवी दिसतात ती शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं. २०२० मध्ये मात्र याच धावपट्टीवरून एक वेगळं विमान उडालं. मुंबईत कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं, सहा आसनी. बांधणारे कॅप्टन अमोल यादव, व्यवसायाने वैमानिक, मूळचे सातारा जिल्ह्यातले.

हे विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं होतं. नोंदणी झाली २०१७ च्या अखेरीस, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आणि चाचणी २०२० मध्ये धुळ्यात. म्हणजे तयार विमान डोळ्यासमोर असूनही हवेत जायला चार वर्षं गेली. नोंदणीतली ‘एनएमडी’ ही अक्षरं पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली आहेत. ही कृतज्ञता समजण्यासारखी आहे. पण एक प्रश्न उरतोच. ज्याची ओळख वरपर्यंत नाही, अशा शिरपूरच्या किंवा बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी एका माणसाला उचलणारं यंत्र बांधलं, तर त्यांना कोणता नियम लागू होणार आणि तो त्यांना आधी कळणार का?

परवानगीचं जे, तेच स्पर्धेचं. ड्रोन, एअरबाइक, जेटपॅक अशा यंत्रांच्या स्पर्धा वाढत आहेत, बक्षिसांचे आकडे मोठे आहेत. हरण्याचं दुःख असतंच. खरी चीड येते ती आपण का हरलो हेच कळत नाही तेव्हा.

‘गोफ्लाय’मध्ये नेमकं काय झालं?

एकट्या माणसाला घेऊन उडणाऱ्या यंत्रांची अलीकडची सर्वात गाजलेली स्पर्धा म्हणजे अमेरिकेतली ‘गोफ्लाय’. बोइंग कंपनी मुख्य प्रायोजक, सुरुवात सप्टेंबर २०१७, एकूण बक्षीस २० लाख डॉलर. त्यातलं १० लाख डॉलरचं महाबक्षीस अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम यंत्राला. रुपयांत ही रक्कम तेव्हाच्या दराने सात कोटींच्या घरात जाते. शीर्षकातला ‘एक कोटी’ आमचा हात आखडता.

अट साधी वाटते, पण भलतीच कठीण. यंत्राने एका माणसाला घेऊन जवळपास जागेवरून उभं उडायचं, मध्ये इंधन किंवा चार्जिंग न घेता २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर जायचं. जळगाव ते भुसावळपेक्षाही जास्त. यंत्राचा आकार साडेआठ फुटांत मावला पाहिजे आणि ५० फुटांवरून मोजलेला आवाज ८७ डेसिबलच्या आत हवा. गुण आकार, आवाज आणि वेग यांवरून.

पहिली फेरी कागदावरची. जून २०१८ मध्ये १० संघांना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या फेरीत पाच संघ निवडले गेले, प्रत्येकी ५० हजार डॉलर. त्यात नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातले विद्यार्थी होते, जपानचा ‘तेत्रा’ होता. शेवटची उड्डाणफेरी फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियात मोफेट फील्डवर ठेवली होती. वारा सुटला. अटी पूर्ण करणारं उड्डाण एकाही संघाला जमलं नाही. ‘तेत्रा’ला एक लाख डॉलरचं वेगळं पारितोषिक मिळालं, महाबक्षीस मात्र कोणालाच नाही. जाहीर २० लाखांपैकी संघांच्या हाती पडले साधारण साडेपाच लाख.

हा अन्याय झाला का?

पहिल्या वाचनात तसं वाटतं. आमचं मत वेगळं आहे. अट पूर्ण झाली नाही तर बक्षीस नाही, हे आधीपासून लिहिलेलं होतं. आयोजकांनी ऐनवेळी ‘त्यातल्या त्यात बरा’ म्हणून कोणाला तरी हार घातला असता, तर तो ज्यांनी अट वाचून माघार घेतली त्यांच्यावर अन्याय ठरला असता. यंत्राच्या कल्पनेवरची मालकी संघांकडेच राहील, हेही ‘गोफ्लाय’ने स्पष्ट केलं होतं. आपल्याकडच्या अनेक स्पर्धांच्या माहितीपत्रकात हा मुद्दा शोधूनही सापडत नाही.

खरी अडचण तारखेत आहे. उड्डाणाचे दोन-तीन दिवस आधीच पक्के केले की वाऱ्याची जोखीम आयोजकांच्या अंगावरून उतरून संघांच्या डोक्यावर बसते. दोन वर्षं राबून, घरचे पैसे घालून आलेल्या संघाचा निकाल त्या दुपारच्या हवेने लावायचा, असं होतं. जुन्या स्पर्धा या बाबतीत शहाण्या होत्या.

त्या जुन्या स्पर्धा कशा चालत?

ब्रिटिश उद्योगपती हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये ५ हजार पौंडांचं बक्षीस लावलं. माणसाने स्वतःच्या ताकदीवर, म्हणजे पायडल मारून विमान उडवायचं. अर्ध्या मैलावर दोन खुणा, त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकाराची फेरी, सुरुवातीला आणि शेवटी किमान १० फूट उंची. नियम रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचे. आधी स्पर्धा ब्रिटिशांपुरती होती, पुढे ती जगाला खुली झाली आणि रक्कम ५० हजार पौंडांवर गेली. आठच्या आकाराची फेरी मात्र तशीच राहिली. शेवटी २३ ऑगस्ट १९७७ रोजी पॉल मॅकक्रिडी यांच्या ‘गॉसमर काँडोर’ने ती पूर्ण केली. १८ वर्षं बक्षीस पडून होतं, पण कोणी त्याबद्दल तक्रार केली नाही. हवा चांगली असेल त्या दिवशी निरीक्षकांना बोलवा आणि उडा, असा तो मामला होता.

दुसरं उदाहरण सिकोर्स्की बक्षिसाचं, आणि मोजमाप काय असतं ते इथे कळतं. अमेरिकन हेलिकॉप्टर सोसायटीने १९८० मध्ये ते जाहीर केलं. माणसाच्या ताकदीवर चालणारं हेलिकॉप्टर ६० सेकंद हवेत राहिलं पाहिजे, त्यात एकदा तरी ३ मीटर उंची गाठली पाहिजे आणि पूर्ण वेळ १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनात राहिलं पाहिजे. तिन्ही गोष्टी एकाच उड्डाणात. २००९ मध्ये रक्कम अडीच लाख डॉलर झाली आणि चुरस वाढली. मेरीलँड विद्यापीठाचा ‘गॅमेरा’ संघ अगदी उंबरठ्यावर होता. पण १३ जून २०१३ रोजी कॅनडाच्या ‘एरोव्हेलो’ संघाचं ‘अ‍ॅटलस’ ६४ सेकंद उडालं, ३.३ मीटर उंच गेलं आणि सरकलं ९.८ मीटर. म्हणजे आणखी वीतभर सरकलं असतं तर सगळं फुकट!

एवढी काठावरची गोष्ट असूनही वाद झाला नाही. कारण नोंदी तपासून निकाल जाहीर व्हायला जवळपास महिना घेतला गेला, ११ जुलैपर्यंत. आपल्याकडे संध्याकाळी पाचला शेवटची फेरी आणि साडेपाचला पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ, अशी घाई असते. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

नोंदीचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, असं सव्वाशे वर्षं सांगितलं जातंय. उंची, अंतर, वेळ मोजणारे पंच आणि त्यांच्या सह्यांचा कागद मात्र समोर नाही. म्हणून अभिमानाचा विषय वादाचा होऊन बसला. १९०३ मध्ये राइट बंधूंचं पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं होतं, पण साक्षीदार होते, छायाचित्र होतं.

खान्देशात स्पर्धा झाली तर काय पाहायचं?

इथल्या मुलांना ‘बाहा’ स्पर्धेमुळे तांत्रिक तपासणी चांगली ठाऊक आहे. पिथमपूरला गाडी घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा. तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही आणि काय तपासणार ते नियमपुस्तिकेत छापलेलं असतं. उडत्या यंत्राच्या स्पर्धेत हे आणखी कडक हवं, कारण तिथे वेल्डिंग तुटलं तर गाडी बाजूला घेता येत नाही.

पण आपल्या भागाचा एक खास मुद्दा आहे, तो म्हणजे ऊन. हवा तापली की विरळ होते आणि पंख्याला तेवढंच वजन उचलायला जास्त ताकद लागते. सकाळी ३० अंश आणि दुपारी ४४ अंश, हा जळगावचा मे महिना. तेवढ्या फरकाने हवा साडेचार टक्क्यांच्या आसपास विरळ होते. वर बॅटरी तापते ते वेगळंच, आणि दुपारचा वारा असतोच. काठावर बांधलेल्या यंत्रासाठी एवढं पुरेसं आहे. म्हणजे सकाळी आठचा नंबर मिळालेला संघ आणि दुपारी दोनचा नंबर मिळालेला संघ एकाच स्पर्धेत नसतातच! मग क्रम चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर ठरला का, प्रत्येक उड्डाणाच्या वेळचं तापमान आणि वारा नोंदवला का, वाऱ्याची कमाल मर्यादा किती, ती ओलांडली तर पुन्हा संधी आहे का, हे आधी विचारलं पाहिजे.

परवानगी कोण काढणार, हाही तितकाच मोठा प्रश्न. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि १५० किलोच्या वरचा ‘लार्ज’ गटात येतो. माणूस बसवला की गोष्ट ड्रोनच्या पलीकडे, विमान कायद्याकडे जाते. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. आयोजकाने ‘यंत्र उडवून दाखवा’ म्हणायचं आणि परवानगी संघाने आणायची, असं असेल तर स्पर्धा यंत्रांची राहत नाही, ओळखींची होते. गोंदूरच्या त्या विमानाला लागलेली चार वर्षं इथे आठवावीत.

निकाल पटला नाही तर?

आयोजक सरकारी विद्यापीठ किंवा सरकारी संस्था असेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. परीक्षकाचं नाव झाकता येतं, गुण नाही. स्पर्धेची गुणपत्रिका मागताना याच निकालाचा आधार घेता येतो. खासगी कंपनी किंवा क्लब आयोजक असेल तर हा मार्ग सहसा चालत नाही. तिथे नियमपुस्तिका हाच करार.

म्हणून नोंदणीचे पैसे भरण्याआधी त्या पुस्तिकेची प्रत मोबाइलमध्ये तारखेसह उतरवून ठेवा. तिच्यात तीन गोष्टी शोधा : पंच कोण आणि त्यांचा एखाद्या संघाशी किंवा प्रायोजकाशी संबंध असेल तर काय, हरकत घ्यायला किती तास, आणि कोणीच अट पूर्ण केली नाही तर बक्षिसाच्या पैशांचं काय होणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर आयोजकांना ईमेल करा. उत्तर लेखी आलं तर तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.