सहरी ते इफ्तार : यकृताच्या कोठारातली साखर

असरची नमाज झालेली असते. स्वयंपाकघरात फळे चिरणे, भजी तळणे, सरबत ढवळणे अशी गडबड सुरू असते. खजुराची ताटली दस्तरखानावर आलेली असते. अशा वेळी तसबीह घेऊन बसलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताला कंप सुटतो, कपाळावर घाम येतो. सून विचारते, "अब्बा, शुगर तपासू का?" उत्तर येते, "अर्धाच तास राहिलाय, बेटा. आता कुठे रोजा तोडायचा?"

रमजानमध्ये अनेक घरांत हा संवाद घडतो. शेजारच्या हिंदू घरांनाही तो अनोळखी नाही. निर्जला एकादशी किंवा हरतालिकेचा कडक उपवास धरणाऱ्या, मधुमेह असलेल्या आईला मुले हेच विचारतात आणि जवळजवळ हेच उत्तर ऐकतात. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच खरी. प्रश्न एवढाच, की त्या अर्ध्या तासात शरीराच्या आत काय चाललेले असते? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ज्यांच्यामुळे आज आपल्याला माहीत आहे, त्यांत गर्टी कोरी या जीवरसायनशास्त्रज्ञाचे नाव फार वरचे आहे.

प्राग ते सेंट लुइस

गर्टी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्राग शहरातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रसायनतज्ज्ञ होते आणि साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचा कारभार पाहत. वैद्यकीय शिक्षण घेताना गर्टींची कार्ल कोरी यांच्याशी ओळख झाली. १९२० मध्ये दोघांनी पदवी घेतली आणि त्याच वर्षी लग्न केले. पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ. व्हिएन्नातल्या मुलांच्या रुग्णालयात काम करताना गर्टींना पोटभर सकस अन्न मिळेना. कुपोषणाने त्यांच्या डोळ्यांना विकार झाला. उपवास आणि उपासमार यांतला फरक त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवला होता.

१९२२ मध्ये त्या अमेरिकेत बफेलो येथे पतीजवळ गेल्या. कॅनडातल्या टोरंटो शहरात इन्सुलिनचा शोध नुकताच लागला होता. इन्सुलिनने रक्तातली साखर उतरते, हे जगाला कळले होते. पण ती साखर जाते कुठे आणि गरज पडल्यावर परत येते कशी, हा हिशेब लागलेला नव्हता. कोरी पती-पत्नी या हिशेबाच्या मागे लागले.

वाट सोपी नव्हती. एका विद्यापीठाने कार्ल यांना नोकरी देऊ केली, पण पत्नीबरोबर काम करायचे नाही, या अटीवर. नवऱ्याच्या भवितव्याच्या आड येऊ नका, असे गर्टींना ऐकवण्यात आले. कार्ल यांनी ती नोकरी नाकारली. १९३१ मध्ये दोघे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथे कार्ल विभागप्रमुख झाले आणि गर्टींना सहायक संशोधकाची जागा मिळाली, तीही पतीच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या पगाराची. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९४७ मध्ये मिळाले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पारितोषिकाचा अर्धा वाटा या दांपत्याला आणि अर्धा अर्जेंटिनाचे बर्नार्डो उसाय यांना देण्यात आला.

कोठाराची किल्ली

सहरीला खाल्लेली भाकरी किंवा भात पचून त्याची साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तात उतरते. रक्तात एका वेळी फिरणारी साखर फार थोडी असते, चमचाभरच. उरलेली साखर इन्सुलिनच्या हुकमाने पेशींत जाते. तिचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवला जातो. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची फांद्या फुटलेली माळ. प्रौढ माणसाच्या यकृतात असे सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. स्नायूंत त्याहून कितीतरी जास्त असते.

सहरीला काही तास उलटले, की आतड्यातून येणारी साखर संपते. पण मेंदूला तर ताशी सुमारे ५ ग्रॅम साखर लागतेच. मग यकृताचे कोठार उघडते. ते उघडते कसे, हे कोरी दांपत्याने शोधले. १९३६ मध्ये त्यांनी बेडकाचे स्नायू बारीक करून पाण्याने धुतले आणि त्यांत तयार होणारे एक नवे संयुग पकडले. त्याला आज 'कोरी एस्टर' म्हणतात. फॉस्फोरिलेज नावाचे विकर माळेच्या टोकाचा एकेक मणी फॉस्फेटच्या मदतीने सोडवते, हे त्यातून उलगडले. तसबीहचा एकेक दाणा बोटाखालून सरकावा, तसे हे काम चालते. त्यानंतर तीनच वर्षांत त्यांनी परीक्षानळीत ग्लायकोजेन बनवूनही दाखवले.

त्याआधी १९२९ मध्ये त्यांनी मांडलेले 'कोरी चक्र' तर रोजेदाराच्या दिवसाचे वर्णनच वाटावे. स्नायूंचे कोठार मोठे असले तरी खासगी असते. स्नायू आपली साखर थेट रक्ताला देऊ शकत नाहीत. पण काम करताना ते साखर वापरून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. ते रक्तातून यकृताकडे जाते आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो. दुपारनंतर यकृत याच मार्गाने आणि चरबी व प्रथिनांच्या घटकांपासून नवी साखर तयार करत राहते. म्हणून तर निरोगी माणूस तेरा-चौदा तासांचा रोजा ठेवून दुकान चालवतो, वर्गात शिकवतो, शेतात राबतो, आणि रात्री तरावीहलाही उभा राहतो.

निरोप पोहोचला नाही तर

कोठार कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे, हे ठरवणारे निरोप संप्रेरके आणतात. पोट भरलेले असताना इन्सुलिन सांगते, 'साठवा.' उपाशी असताना ग्लुकागॉन यकृताला सांगते, 'द्या.' हे निरोप पेशीच्या आत कसे पोहोचतात, याचे धागेही कोरींच्या प्रयोगशाळेतून निघाले. तिथे काम केलेल्या अर्ल सदरलँड यांनी दाखवले, की ग्लुकागॉन किंवा अॅड्रेनलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते दारावर थाप देते आणि आत दुसरा निरोप्या तयार होतो. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. त्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या एडविन क्रेब्ज यांनी एडमंड फिशर यांच्याबरोबर हे शोधले, की फॉस्फेटची चिकटपट्टी लावली की फॉस्फोरिलेज जागे होते आणि काढली की झोपते. त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

मधुमेहात बिघडते ती ही निरोपांची व्यवस्था. टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनच्या हाकेला नीट ओ देत नाहीत. पोट भरलेले असूनही यकृत साखर सोडत राहते. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखरही चढलेली दिसते. टाइप १ मध्ये इन्सुलिनच जवळजवळ नसते.

आता सुरुवातीच्या त्या अब्बांकडे पाहू. त्यांनी सहरीला नेहमीची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचून घेतले. काही औषधे खाल्ले-न खाल्ले पाहत नाहीत. इन्सुलिनचा 'साठवा' हाच हुकूम दिवसभर चालू ठेवतात. संध्याकाळी यकृताने कोठार उघडायचे, नेमके तेव्हा त्याच्या दारावर औषधाचा पहारा असतो. रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. पुढची पायरी बेशुद्धीची. तेव्हा 'अर्धाच तास' हा फार मोठा वेळ असतो.

ही भीती कागदी नाही. भारतासह १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची २००१ मध्ये पाहणी झाली. टाइप २ च्या ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवले होते. इतर महिन्यांच्या तुलनेत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात साडेसात पटींनी वाढले होते.

सवलत हाही हुकूमच

रोजा फर्ज करणाऱ्या सूरह बकराच्या आयतींमध्येच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. बरे झाल्यावर इतर दिवशी रोजे भरून काढावेत. ज्यांना ते कधीच झेपणार नाही, त्यांनी फिदया म्हणून गरिबाला जेवण द्यावे. अल्लाहला बंद्यांसाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको, असा खुलासाही तिथेच आहे. म्हणजे सवलत ही कुणी मागून काढलेली पळवाट नाही. ती हुकमाचाच भाग आहे. जिथे जिवावर बेतते तिथे ती न घेणे, याला तकवा म्हणता येत नाही.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोजा सोडावा, असाही याचा अर्थ नाही. ज्यांची साखर आटोक्यात आहे, इतर गुंतागुंत नाही, असे अनेकजण डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवतात. मात्र हा सल्ला रमजानचा चंद्र दिसण्याआधी घ्यायचा असतो. औषधांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलायची असते, शेजाऱ्यांनी नव्हे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर लगेच रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मगरिबची अजान किती मिनिटांवर आहे, हे तेव्हा पाहायचे नसते.

गर्टी कोरी यांना नोबेल मिळाले त्याच सुमारास त्यांच्या अस्थिमज्जेचा असाध्य आजार लक्षात आला. त्यानंतर १० वर्षे त्या काम करत राहिल्या. मुलांच्या यकृतातल्या साठ्याचा एक जन्मजात आजार एका विकराच्या अभावामुळे होतो, हे १९५२ मध्ये दाखवणारे महत्त्वाचे काम याच आजारपणातले. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेशेजारच्या आपल्या खोलीत एक खाट ठेवून घेतली होती. थकवा आला की पडायचे, उठून पुन्हा कामाला लागायचे. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. आजार नाकारून त्यांचे काम झाले नसते. त्याला जागा करून दिली, म्हणून झाले.

आज संध्याकाळी कुणा घरी अब्बांचा किंवा अम्मींचा हात थरथरला, तर सुनेने परवानगीची वाट पाहू नये. आधी यंत्र आणावे. आकडा खाली असेल तर खजूर आणि सरबताचा पेला पुढे करावा. राहिलेल्या रोज्याची कजा नंतर भरता येते.