समोरच्या टेबलावरचा प्रतिस्पर्धी

आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला या वयात प्रेमकादंबऱ्या कुठून सुचल्या? सोपं आहे. हाताशी वेळ भरपूर असतो, आणि घरातली तरुण मंडळी जे वाचतात ते दिवाणखान्यात पडलेलं असतं. त्यातला एक प्रकार सध्या फार खपतो. इंग्रजीत त्याला 'रायव्हल्स टू लव्हर्स' म्हणतात. एकच ऑफिस, एकाच बढतीवर दोघांचा डोळा, रोजची खडाजंगी आणि शेवटी प्रेम. शेवट पहिल्या पानावरच कळलेला असतो, तरी लोक रात्री जागून वाचतात. असं का?

या प्रकारातलं गाजलेलं पुस्तक म्हणजे ऑस्ट्रेलियन लेखिका सॅली थॉर्न हिची 'द हेटिंग गेम'. २०१६ साली आली, २०२१ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. दोन प्रकाशनसंस्था एकत्र झाल्यात, म्हणून प्रमुखही दोन आणि त्यांचे सहायकही दोन: ल्युसी आणि जोशुआ. टेबलं समोरासमोर. मग वरची एक नवी जागा निघते आणि दोघंही तिच्यासाठी उभे राहतात. एकमेकांचं तोंड पाहवत नाही असं दोघांचं म्हणणं. पण जोशुआचे शर्ट कोणत्या रंगानंतर कोणत्या रंगाचे येतात, हा क्रम ल्युसीला तोंडपाठ आहे! आता मला सांगा, नावडत्या माणसाच्या शर्टांचा हिशेब कोण ठेवतं?

माझ्या मते सगळी मेख या शर्टांत आहे. फौजेतलं उदाहरण देतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती साधारणपणे नोकरीच्या वर्षांवर मिळते. कर्नल व्हायचं तर सिलेक्शन बोर्ड, आणि तिथे तुमची तुलना तुमच्याच बॅचच्या लोकांशी. वरिष्ठ वर्षातून एकदा तुमचा अहवाल लिहितात. हाताखालचे लोक हुकूम पाळतात. तुमचं काम रोज बारकाईनं पाहतो तो बॅचमेट, कारण त्याला ते पाहावंच लागतं. तुम्ही कुठे कमी पडता आणि कुठे जीव ओतता, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. घरच्यांनाही एवढं ठाऊक नसतं. कामावर आपण कोण असतो ते घरी दिसतच नाही.

बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याच्या ऑफिसांत दहा-दहा तास बसणाऱ्या मुलामुलींची भूक मला इथे दिसते. वर्षभराची मेहनत अप्रेझलच्या एका आकड्यात बसवली जाते. आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं, भले भांडणासाठी का होईना, ही कल्पनाच सुखाची वाटते.

दुसरी गोष्ट बरोबरीची. साहेब आणि सेक्रेटरी यांच्या जुन्या प्रेमकथा आज खुपतात, ते योग्यच आहे. हाताखालच्या माणसाला 'नाही' म्हणताना पगाराचा विचार करावा लागतो. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तो काही उगाच नाही. प्रतिस्पर्धी मात्र तोंडावर 'नाही' म्हणू शकतो, रोज म्हणतोही. म्हणून त्याच्या 'हो'ला किंमत.

हे सूत्र जुनंच आहे. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या नाटकावरून १९४० मध्ये 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हा चित्रपट आला. बुडापेस्टमधलं दुकान; तिथे काम करणारे दोघे दिवसभर भांडतात आणि निनावी पत्रांतून एकमेकांच्याच प्रेमात असतात. तो जुना, ती नवी. पण मालक तिसराच, आणि दोघांची नोकरी त्याच्या मर्जीवर. १९९८ मध्ये हीच गोष्ट 'यू हॅव गॉट मेल'मध्ये आली, तेव्हा तो पुस्तकांच्या मोठ्या साखळीचा मालक झाला आणि ती आईनं सुरू केलेलं छोटं दुकान चालवणारी. तिचं दुकान बंद पडतं आणि तरी ती त्याची होते. चित्रपट गोड आहे, पण मला तो पटत नाही. एकाचं सगळं गेलं आणि दुसऱ्याचं काहीच गेलं नाही, तर ती बरोबरीची लढत कसली?

'द हेटिंग गेम' वाचायची असेल त्यांनी इथे थांबावं, कारण शेवट सांगतोय. जोशुआ दुसऱ्या कंपनीत नोकरी धरतो आणि त्या जागेचा पेच सुटतो. वाचकाला हायसं वाटतं. माझी मात्र निराशा झाली. इतकी पानं ज्या खुर्चीसाठी झुंज लावली, तिचा निकाल लेखिकेनं मैदानाबाहेर लावला. ल्युसीनं मुलाखतीत त्याला हरवलं असतं आणि जोशुआ त्याच मजल्यावर राहिला असता, तर पुढची सोमवार सकाळ दोघांनी कशी काढली असती? मला ती पानं वाचायची होती.