झडप-यंत्रणेची सदोष आवळणी

झडप-यंत्रणेची सदोष आवळणी हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या जुळणीत अथवा दुरुस्तीत उद्भवणारा दोष आहे. झडपांची उघडझाप घडवून आणणाऱ्या भागांचे नट, बोल्ट किंवा समायोजन-स्क्रू आवश्यकतेपेक्षा सैल राहणे, अधिक घट्ट होणे अथवा चुकीच्या क्रमाने आवळले जाणे, ही त्याची तीन प्रमुख रूपे होत. दोष लहान भागातला असला तरी झडपांची हालचाल दट्ट्याच्या म्हणजेच पिस्टनच्या हालचालीशी बांधलेली असल्यामुळे त्यातून संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

यंत्रणेचे कार्य

चार धावांच्या इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील उंचवटे टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांच्याद्वारे किंवा थेट झडपेला ढकलून ती उघडतात आणि स्प्रिंग तिला पुन्हा बंद करते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. इतके आघात सतत सोसणाऱ्या जोडणीत थोडाही ढिलेपणा असल्यास तो वाढत जातो.

तापल्यावर धातू प्रसरण पावतो. म्हणून अनेक इंजिनांत रॉकर किंवा टॅपेट आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये बारीक फट ठेवतात. ही फट सामान्यतः ०.१ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. निष्कास झडप अधिक तापत असल्याने तिच्यासाठी ती बहुधा जास्त ठेवली जाते. ही फट योग्य मापात आणण्याच्या कामाला महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात.

आवळणीचे तत्त्व

बोल्ट आवळला असता तो किंचित ताणला जातो आणि ताठ स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. पान्याने दिलेल्या टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग आटे व बोल्टचे डोके यांच्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण उरलेल्या भागातून निर्माण होतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेलकट आट्यांवर वापरल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. उलट, आट्यांत घाण असल्यास पाना घट्ट लागला तरी पकड अपुरी राहते.

सैल आवळणीचे परिणाम

लॉकनट ढिला झाल्यास फट वाढते. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरेशी उचलली जात नाही. इंजिनाची शक्ती घटते व खडखडाट ऐकू येतो. फट फार वाढल्यास पुशरॉड जागेवरून निसटतो आणि ती झडप उघडेनाशी होते. कॅमशाफ्टच्या दंतचक्राचा बोल्ट सुटल्यास झडप व दट्ट्या यांचा मेळ बिघडतो. ज्या इंजिनांत दोघांचा मार्ग एकाच जागेतून जातो, तेथे दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. झडप वाकते किंवा तुटते आणि दट्ट्यालाही भोक पडू शकते.

अति आवळणीचे परिणाम

ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधील आटे अति आवळल्याने निघून येतात. बोल्टचा ताण मर्यादेपलीकडे गेल्यास तो कायमचा लांबतो व पुढे चालत्या इंजिनात तुटू शकतो.

समायोजन-स्क्रू जास्त आत गेल्यास मात्र वेगळा धोका संभवतो. फट नाहीशी होते आणि तापलेली झडप पूर्ण मिटत नाही. निष्कास झडप आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या स्थितीत बैठकीला देत असते. हा मार्ग खुंटला आणि कडेने जळते वायू निसटू लागले, की झडपेची कड जळते. या काळात खडखडाट होत नसल्याने इंजिन सुस्थितीत असल्याचा भास होतो. म्हणून आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा मुका टॅपेट अधिक घातक ठरू शकतो.

क्रमाचे महत्त्व

कॅमशाफ्टला धरणाऱ्या टोप्या आवळताना झडपांच्या स्प्रिंग त्याला वर ढकलत असतात. एका टोकाची टोपी आधीच पूर्ण आवळल्यास शाफ्ट वाकतो किंवा टोपीला तडा जातो. म्हणून बहुधा मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळणी करतात. या टोप्या हेडसह एकत्र कातलेल्या असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही. येथील ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला अनेकदा सुमारे १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर चार किलोग्रॅम वजनाइतका जोर दिल्यास तो मिळतो. हाताच्या अंदाजाने ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

एक उदाहरण

अमेरिकेत १९५५ मध्ये आलेल्या शेवरलेच्या व्ही-८ इंजिनात प्रत्येक रॉकर स्वतंत्र खुंटावर बसवलेला असतो आणि त्यावरील नट रॉकरची उंची ठरवतो. हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या आवृत्तीत पुशरॉडचा ढिलेपणा संपल्यावर नट आणखी अर्धा ते एक फेरा फिरवतात. त्याहून बराच अधिक फिरवल्यास लिफ्टरमधील दट्ट्या तळाला टेकतो व झडप उघडी राहते. इतर काही इंजिनांत असाच दिसणारा नट ठरावीक खांद्यापर्यंत नेऊन नेमक्या टॉर्कने आवळावा लागतो. पहिल्या ठिकाणी नट स्थान ठरवतो, दुसऱ्या ठिकाणी पकड देतो. हा भेद न ओळखता केलेली आवळणी हे बिघाडाचे एक कारण होय.

निदान व प्रतिबंध

फट बहुधा थंड इंजिनात, संपीडन धावेच्या शेवटी दट्ट्या सर्वोच्च बिंदूवर असताना फीलर गेजने मोजतात. लॉकनट आवळताना स्क्रूही किंचित फिरू शकतो, म्हणून नंतर ती पुन्हा मोजणे आवश्यक असते. बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क पाना वापरतात. मर्यादेपर्यंत ताणून बसवावयाचे बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. जुळणीनंतर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवल्यास सर्व झडपांचे एक चक्र पूर्ण होते. मध्येच अडथळा जाणवला तर इंजिन सुरू करण्यापूर्वीच चूक लक्षात येते.