खातेदाराची ओळख

एका यंत्रावर अनेक माणसे काम करू लागली, की कोणते खाते कोणाचे, हे जाणण्याची निकड उत्पन्न होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिने हा प्रश्न अगदी तलाठ्याच्या थाटात सोडविला: एक वही, आणि प्रत्येक खातेदारास तीत एक ओळ. ‘पासवर्ड’ नावाच्या या वहीतील ओळीचे अपूर्णविरामांनी सात रकाने पाडलेले असतात. खात्याचे नाव, गुप्तशब्दाची जागा, खातेदाराचा क्रमांक, गटाचा क्रमांक, माणसाचे पूर्ण नाव, त्याच्या फाइलींचे घर, आणि शेवटी त्याच्या आज्ञा ऐकणारा ‘शेल’. वही सर्वांस वाचण्यास मोकळी. म्हणून गुप्तशब्दाचे सांकेतिक रूप पुढे निराळ्या, बंदिस्त फाइलीत हलविण्यात आले. पूर्ण नावाच्या रकान्यास मात्र अजूनही ‘गेकॉस’ म्हणतात. त्या नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीकडे बेलमधून छपाईची कामे जात, व त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात लिहीत. ती प्रणाली गेली, नाव राहिले!

माणसाचा पत्ता चटकन लागावा ही हौस जुनीच. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत लोक यंत्रावर हजर असलेल्यांच्या यादीवरून बोट फिरवीत नावे ओळखू पाहतात, हे लेस अर्नेस्ट यांनी पाहिले आणि १९७१ साली ‘फिंगर’ ही आज्ञा लिहिली. पुढे युनिक्सवर आलेल्या तिच्या सेवेतील एका उणिवेचा लाभ १९८८ च्या नोव्हेंबरातील मॉरिस-किड्याने घेतला, आणि अनेक ठिकाणी ती सेवा बंद झाली.

तेव्हा व्यवस्थापक स्वतःचीच छोटी आज्ञा रचतो. शेलमध्ये ‘एलियस’ म्हणजे केवळ टोपणनाव. मिळालेले नाव आज्ञेच्या मध्यभागी बसवावयाचे, तर ‘फंक्शन’च हवे. नवशिका येथे ‘ग्रेप’ने वहीत शोध घेतो, आणि फसतो. ‘राम’ शोधावा तर शिवरामही हाती लागतो, रामदासही. इतकेच नव्हे, ज्याच्या पूर्ण नावात कोठेतरी राम आहे तोही. घाईत त्यांतील भलत्याच माणसाचे खाते बंद झाले, तर त्याचे दिवसभराचे काम खोळंबते. शोध ओळीच्या आरंभास बांधून नावापुढे अपूर्णविराम जोडला, की ही चूक टळते. तरीही संस्थेची खाती जाळ्यावरील मध्यवर्ती नोंदवहीत असतील, तर ती या वहीत दिसतच नाहीत. म्हणून फंक्शनच्या पोटी ‘गेटेंट’ ही आज्ञा घालणे अधिक शहाणपणाचे. ती प्रणालीस ठाऊक असलेल्या सर्व वह्यांत नेमके तेच नाव विचारते, आणि नावाऐवजी क्रमांक दिला तरी उत्तर देते. जोडीला ‘आयडी’ ठेवली, की खातेदाराचे गटही कळतात.

आणखी एक आज्ञा हाताशी असावी: तिसऱ्या रकान्यात शून्य असलेल्या सर्व ओळी दाखविणारी. शून्य हा सर्वाधिकारी ‘रूट’चा क्रमांक. प्रणाली अधिकार देते ते क्रमांक पाहून, नाव पाहून नव्हे; त्यामुळे तेथे रूटखेरीज अनोळखी दुसरे नाव निघाले, तर ते कोणी व केव्हा घातले, याचा शोध त्याच क्षणी सुरू करावा लागतो.