विश्लेषण : वाघाचा डार्ट, गलोलीची गोटी आणि झुलता डबा… डोळ्यांना न दिसणारा वेग कसा मोजतात?

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनविभागात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘सीटी-१’ या वाघाला डार्ट मारून बेशुद्ध करण्यात आले. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याने १३ जणांचा बळी घेतला होता. ताडोबाच्या बचाव पथकाने पकडल्यानंतर त्याची रवानगी नागपूरच्या गोरेवाड्याला झाली. अशा मोहिमेत नेम महत्त्वाचा असतोच. पण डार्ट किती वेगाने लागतो, यालाही तेवढेच महत्त्व असते. क्षणात सुटणाऱ्या वस्तूचा हा वेग मोजण्याची एक पद्धत जवळपास पावणेतीनशे वर्षे जुनी आहे, आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेतही करून बघता येते.

डार्टच्या वेगाला एवढे महत्त्व का?

डार्ट म्हणजे उडती सिरिंज. पुढे सुई, मध्ये औषध, मागे दाबलेली हवा आणि शेपटीला गोंडा. सुईच्या बाजूच्या छिद्रावर रबरी टोपण असते. सुई मांसात शिरली की टोपण मागे सरकते आणि हवेच्या दाबाने औषध आत जाते. वेग कमी पडला तर डार्ट वाघापर्यंत पोहोचत नाही किंवा टोपण सरकत नाही. औषध अर्धवट गेलेला, बिथरलेला वाघ पथकासाठी आणि गावासाठीही धोक्याचा. वेग जास्त झाला तर स्नायूला खोल जखम होते, हाडालाही इजा होऊ शकते. म्हणून मांडीसारखा भरपूर मांसाचा भाग निवडतात आणि अंतर पाहून बंदुकीतील वायूचा दाब ठरवतात.

वेग मोजण्याची युक्ती कोणाची?

ब्रिटिश गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांची. १७४२ मध्ये त्यांनी ‘बॅलिस्टिक पेंड्युलम’ म्हणजे झुलत्या लंबकाची पद्धत मांडली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी झाडायची. गोळी रुतली की ठोकळा मागे झुलतो. गोळी दिसत नाही, पण ठोकळ्याचा झोका दिसतो. तो किती गेला हे रॉबिन्स ठोकळ्याला बांधलेल्या फितीवरून मोजत. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंते म्हणून ते भारतात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्यांचे निधन झाले. आज हे काम प्रकाश-संवेदक असलेला क्रोनोग्राफ करतो.

घरगुती लंबक कसा बनवायचा?

एक छोटा डबा ओल्या चिकणमातीने भरा. तोंड समोर येईल असा तो आडवा, चार दोऱ्यांनी टांगा. एकाच दोरीवर डबा गिरकी घेतो आणि मोजमाप चुकते. डब्यामागे पट्टीवर कागदाचा हलका तुकडा ठेवा. डबा त्याला ढकलत नेईल आणि तो शेवटच्या जागी थांबेल. दोन मीटरवरून गलोलीने काचेची गोटी मातीत मारा. सोबत मोठी व्यक्ती हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि डब्यामागे भिंत हवी, माणूस नव्हे. गलोल पाखरांवर रोखायची नाही; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे.

गणित कसे मांडायचे?

समजा, गोटी ५ ग्रॅमची आहे. गोटीसह मातीचा डबा १ किलोचा, म्हणजे गोटीच्या २०० पट. दोरी १ मीटर लांब आणि डबा ५ सेंटिमीटर मागे गेला. एक मीटरच्या दोरीसाठी झोक्याचे मीटरमधील अंतर ३.१३ ने गुणले की डब्याचा सुरुवातीचा वेग मिळतो : ०.०५ गुणिले ३.१३, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१६ मीटर. त्याला २०० ने गुणा. गोटीचा वेग आला सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजेच ताशी ११० किलोमीटरहून अधिक.

डबा किती वर उचलला गेला, हे मोजण्याच्या फंदात पडू नका. या उदाहरणात ती उंची जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. आडवे अंतर मोजणे सोपे आणि भरवशाचे.

चूक नेमकी कुठे होते?

अनेक विद्यार्थी ‘गोटीची ऊर्जा म्हणजेच झोक्याची ऊर्जा’ असे धरून चालतात. मग उत्तर येते ताशी केवळ ८ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश धावण्याइतके! धडकेत टिकतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गतिज ऊर्जा टिकत नाही. गोटीच्या २०० भाग ऊर्जेतला एकच भाग डब्याला झोका देतो. उरलेले १९९ भाग माती फाडण्यात, दाबण्यात आणि उष्णतेत जातात.

मग वाघाचा संबंध कुठे?

तो याच १९९ भागांत आहे. डार्ट लागल्यावर दीडशे-दोनशे किलोचा वाघ काही मागे ढकलला जात नाही. डार्टची जवळपास सगळी ऊर्जा सुई, कातडी आणि स्नायू यांच्यातच जिरते. त्यात ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला तर ऊर्जा सव्वादोन पट. दुप्पट झाला तर चौपट. दूरच्या वाघासाठी ठेवलेला दाब तसाच राहिला आणि वाघ जवळ आला, तर औषध देणारी सुईच जखम करते. त्यामुळे अंतराचा अचूक अंदाज आणि त्यानुसार ठेवलेला दाब यांवर दोन गोष्टी ठरतात : वाघ जिवंत पिंजऱ्यात जाणार का आणि गावकरी पुन्हा निर्धास्तपणे शेतात जाणार का.